गुडघ्याची झीज आणि हालचाल: किती चालायचं, कसं वाढवायचं, कधी आवरायचं

गुडघ्यात झीज सुरू झाली आहे असं कळलं की बहुतेकांच्या मनात औषधाआधी चालण्याचा प्रश्न येतो. चाललं तर उरलंसुरलंही झिजेल का? बसून राहिलं तर वाचेल का? घरातलं कुणी सांगतं, जपून राहा. ओळखीतलं कुणी सांगतं, रोज दहा हजार पावलं चाला, सगळं बरं होईल. दोन्ही सल्ले काळजीपोटीच दिलेले असतात आणि दोन्ही अपुरे आहेत. गुडघ्याला हालचाल लागतेच, पण त्या गुडघ्याला त्या वेळी पेलेल एवढी. ही मात्रा स्वतःची स्वतः काढता येते. ती कशी काढायची, कशी वाढवायची आणि चुकली तर कशावरून ओळखायचं, हे इथे सांगायचं आहे.

आजार ‘वाढला’ म्हणजे नेमकं काय?

डॉक्टर झीज वाढली म्हणतात तेव्हा बहुधा एक्स-रेबद्दल बोलत असतात. एक्स-रेवर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. ती किती अरुंद झाली आणि कडेला हाडाचे किती काटे आले, यावरून ० ते ४ अशी श्रेणी देतात. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी ही पद्धत १९५७ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे.

तुमच्यासाठी वाढण्याचा अर्थ वेगळा असतो. जिना चढताना थांबावं लागतं, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, बाहेर जाणं टाळलं जातं. या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत. तिसऱ्या श्रेणीचा एक्स-रे असलेली माणसं मैलभर आरामात चालतात, आणि पहिल्या श्रेणीतल्या कुणाला रात्री कूस बदलतानाही कळ येते.

हा फरक आधीच सांगायचं कारण आहे. व्यायामाने दुखणं कमी होतं आणि हालचालीची क्षमता वाढते, याचे पुरावे भक्कम आहेत. व्यायामाने फटीचं अरुंद होणं थांबतं हे मात्र सिद्ध झालेलं नाही, आणि गेलेली कूर्चा व्यायामाने पुन्हा उगवते असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. त्याच वेळी, बेताच्या व्यायामाने झीज भरभर वाढते ही भीतीही खरी ठरलेली नाही. म्हणून यश मोजायचं ते एक्स-रेवर नाही, दिवसभरात तुम्हाला काय करता येतं त्यावर.

सुरुवात करण्यासाठी एक्स-रे लागतोच असंही नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की वय ४५ किंवा त्याहून जास्त, दुखणं हालचालीशी जोडलेलं, आणि सकाळचा ताठरपणा नसलेला किंवा अर्ध्या तासाच्या आत जाणारा असेल, तर एक्स-रेशिवायही निदान करता येतं.

बसून राहिल्याने गुडघा का वाचत नाही

कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि भार पडणं व हटणं या चक्रामुळे तो द्रव तिच्यात आत-बाहेर होतो. मणक्याच्या दुखापतीमुळे पाय लुळे पडलेल्या लोकांच्या गुडघ्यातली कूर्चा पातळ होत जाते, असं एमआरआयमध्ये दिसलं आहे. भारच नाही म्हटल्यावर ती टिकत नाही. उलट बाजूचा पुरावाही आहे. स्वीडनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, गुडघ्यातल्या चकतीचा (दोन हाडांमधल्या धक्का झेलणाऱ्या गादीचा) भाग काढलेल्या ४५ लोकांपैकी ज्यांनी चार महिने देखरेखीखाली व्यायाम केला, त्यांच्या कूर्चेतल्या पाणी धरून ठेवणाऱ्या घटकांचं प्रमाण सुधारलं. ही माणसं मध्यमवयीन होती आणि त्यांची झीज फार पुढे गेलेली नव्हती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

कूर्चेइतकाच मोठा प्रश्न स्नायूंचा आहे. गुडघा दुखला किंवा सुजला की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा आदेशच क्षीण होतो. स्नायू वापरला जात नाही, बारीक होतो, पाय टेकताना बसणारा धक्का त्याला झेलता येत नाही आणि गुडघा आणखी दुखतो. मग माणूस आणखी बसतो. सहा महिने जपलेला गुडघा अनेकदा सहा महिन्यांपूर्वीपेक्षा वाईट वागतो, त्यामागे हे चक्र असतं.

मात्रा: कमी, पुरेशी आणि अती

अमेरिकेत २००४ पासून ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ लोकांचे गुडघे वर्षानुवर्षं तपासले गेले. या पाहणीतल्या, वयाची पन्नाशी गाठलेल्या आणि एक्स-रेवर झीज असलेल्या १,२१२ लोकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायाम म्हणून चालणाऱ्यांमध्ये नव्याने वारंवार दुखू लागण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी होती. अर्थात ही निरीक्षणं आहेत. ज्यांचे गुडघे बरे तेच जास्त चालतात, असंही असू शकतं. तरीही चालल्याने बिघडलं असं चित्र त्यात दिसलं नाही, आणि घाबरून बसलेल्यांसाठी तेवढंसुद्धा मोलाचं आहे.

किती पावलं, याचं उत्तर अशाच दुसऱ्या मोठ्या पाहणीतून मिळतं. गुडघ्याची झीज असलेल्या किंवा तिचा धोका असलेल्या १,७८८ लोकांना दोन वर्षं पाहिल्यावर, पुढे हालचालीवर मर्यादा येणारे आणि न येणारे यांना वेगळं करणारी रेषा दिवसाला सुमारे ६,००० पावलांवर आली. प्रत्येक वाढीव १,००० पावलांमागे धोका १६ ते १८ टक्क्यांनी कमी होत होता. आणि जे ६,००० च्या आसपासही नाहीत त्यांनी निराश होऊ नये. २०१९ च्या एका अभ्यासात आठवड्याला जेमतेम ५६ मिनिटं झपाझप चालण्याइतपत हालचाल करणारे पुढच्या चार वर्षांत अपंगत्वापासून दूर राहण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे दिवसाला आठ मिनिटं.

दहा हजारांचा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पेडोमीटरच्या, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या, नावातून तो जगभर पसरला. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात ४०५ लोकांच्या एमआरआयवर आधारित २०१३ चा अभ्यास तर सावध करतो. ज्यांच्या गुडघ्यात चकतीचं किंवा हाडाचं नुकसान आधीच होतं, त्यांच्यात १०,००० आणि त्याहून अधिक पावलं चालणाऱ्यांचं नुकसान जास्त वाढलं. कूर्चा चांगली असलेल्यांना जास्त पावलांचा फायदा, कूर्चा कमी उरलेल्यांना तोटा, असा कल त्यात दिसला. त्यामुळे झीज मध्यम किंवा पुढची असेल तर दहा हजारांच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा-सात हजार आणि त्याच्या जोडीला स्नायूंचा व्यायाम, हे त्याहून शहाणपणाचं लक्ष्य आहे.

धावण्याबद्दल थोडक्यात. २०१७ च्या एका एकत्रित विश्लेषणात गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, बैठं जीवन जगणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळली. आधीपासून धावत असाल आणि गुडघा कुरकुरत नसेल तर थांबायचं कारण नाही. झीज झाल्यावर नव्याने धावायला सुरुवात करावी, असं मात्र यातून निघत नाही.

आणखी एक गोष्ट नेहमी सुटते. दिवसभर उभं राहून काम करणारी, गुडघे टेकून किंवा उकिडवं बसून ओझी उचलणारी माणसं म्हणतात, आमचा व्यायाम कामातच होतो. तसं होत नाही. तो भार आहे, त्यात विश्रांती तुमच्या हातात नसते, आणि अशा कामांनी झीजेचा धोका वाढतो हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अशांनी पावलं वाढवण्यापेक्षा कामात मध्ये-मध्ये बसण्याची सोय आणि ताकदीचा व्यायाम यांकडे लक्ष द्यावं.

पायरी १: एक आठवडा फक्त मोजा

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. फोन खिशात ठेवून किंवा मनगटावरच्या घड्याळाने रोजची पावलं मोजा. रात्री झोपताना दिवसभरातलं सर्वांत जास्त दुखणं ० (अजिबात नाही) ते १० (असह्य) मध्ये लिहा आणि सकाळी उठल्यावर गुडघा किती वेळ ताठ होता तेही. चांगला दिवस आणि वाईट दिवस दोन्ही लिहा. सरासरी काढताना वाईट दिवस वगळण्याचा मोह होतो, तो टाळा.

एकदा खुर्चीची चाचणी करा. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घडी करा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. हाताशिवाय एकदाही उठता आलं नाही तर शून्य लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही, पुढची प्रगती मोजायला तो आकडाच उपयोगी पडणार आहे.

पायरी २: दुखण्याचा नियम शिका

या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. ‘दुखलं की थांबा’ हा नियम गुडघ्याच्या झीजेला लागू पडत नाही. तो पाळला तर तुम्ही कधीच सुरुवात करणार नाही. ‘दुखलं तरी रेटा’ हाही चुकीचा. फिजिओथेरपीत वापरला जाणारा नियम असा आहे: व्यायाम करताना दुखणं ० ते २ असेल तर निर्धास्त करा. ३ ते ५ असेल तर चालेल, पण लक्ष ठेवा. ५ च्या वर गेलं तर तो व्यायाम कमी करा, वेग किंवा वाकणं घटवा.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी लागतो. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं २४ तासांत नेहमीच्या पातळीवर आलं तर मात्रा बरोबर होती. दुसऱ्या दिवशी गुडघा जास्त ताठ, जास्त दुखरा किंवा सुजलेला असेल तर मात्रा जास्त झाली. सूज पाहायची सोपी रीत म्हणजे पाय सरळ ठेवून दोन्ही गुडघे शेजारी-शेजारी बघा. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे बुजलेले दिसले तर आत पाणी साचलं आहे. दुखण्यापेक्षाही सुजेला जास्त मान द्या, कारण सूज मांडीच्या स्नायूला झोपवते.

पहिल्या काही आठवड्यांत दुखणं थोडं वाढू शकतं. नाइसच्या तत्त्वांतही रुग्णांना हे आधी सांगावं असं म्हटलं आहे. हे माहीत नसल्याने कितीतरी लोक दहाव्या दिवशी व्यायाम सोडतात, आणि गुडघा सुधारायला लागतो तो त्यानंतर. वेदनाशामक गोळी घेऊन दुखणं बधिर करायचं आणि मग लांब चालायचं, हे मात्र करू नका. ज्या खुणेवरून मात्रा ठरवायची तीच त्यात पुसली जाते.

पायरी ३: चालणं तुकड्यांनी वाढवा

समजा तुमची सरासरी ३,००० पावलं आहे आणि वीस मिनिटं सलग चाललं की गुडघा ५ च्या वर जातो. मग सलग वीस मिनिटं नकोत. बारा-तेरा मिनिटांवर थांबा, म्हणजे दुखणं चढण्याआधी, आणि दिवसातून दोनदा चाला. एकूण वेळ जास्त झाला, पण गुडघ्याला एका वेळी आलेला भार कमी राहिला. आठवडाभर दुसऱ्या दिवशीचा नियम पाळला गेला तर प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटं वाढवा. आठवड्याला साधारण दहा टक्के हा अंदाज बहुतेकांना झेपतो. ज्यांना झेपत नाही त्यांनी दोन आठवडे एकाच पातळीवर राहावं.

आधी वेळ वाढवा, मग वेग, चढ-उतार सर्वांत शेवटी. ज्यांच्या कृत्रिम सांध्यात भार मोजणारी यंत्रणा बसवलेली होती अशा रुग्णांवर केलेल्या मोजणीत सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार आला, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. उतरणं चढण्याहून कठीण का जातं ते यावरून कळेल. जिन्यावर कठडा धरा. चढताना बरा पाय आधी टाका, उतरताना दुखरा. काठी वापरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बरेच जण त्याच बाजूला धरतात आणि तिचा निम्मा उपयोग वाया जातो.

चालणं झेपतच नसेल तर सायकल किंवा पाण्यातला व्यायाम घ्या. दोन्हींत भार बराच कमी असतो. सायकलची सीट इतकी उंच ठेवा की पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, किंचित वाकलेला राहील. बुटकी सीट वाटीच्या मागचं दुखणं वाढवते.

पायरी ४: ताकद

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सुरुवातीला एवढं पुरे:

- खुर्चीतून उठणं-बसणं. जड जात असेल तर बैठकीवर जाड उशी ठेवून ती उंच करा. बसताना सावकाश, तीन आकडे मोजत.
- खुर्चीत बसून एक पाय सरळ करणं, वर पाच सेकंद धरणं.
- पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं.
- कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर नेणं. खुब्याच्या बाजूचा स्नायू चालताना शरीराचा तोल धरतो, त्याकडे फार दुर्लक्ष होतं.
- भिंतीला हात टेकवून टाचा उचलणं.

प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. शेवटची दोन-तीन उचलताना कष्ट पडले पाहिजेत. सहज होऊ लागलं की तिसरी फेरी किंवा घोट्याला थोडं वजन. फार जड वजनामागे लागायची गरज नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७७ लोकांच्या चाचणीत जड वजनाचा व्यायाम हलक्या व्यायामापेक्षा अठरा महिन्यांनंतर सरस ठरला नाही. जो तुम्ही पुढच्या वर्षीही करत असाल तो व्यायाम निवडा.

पाय बाहेर धनुष्यासारखे वाकलेले असतील तर थोडं थांबा. २००१ च्या एका अभ्यासात अशा पायांत गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट होती, आणि पुढच्या एका अभ्यासात अशा वाकड्या गुडघ्यांत मांडीचा स्नायू जास्त ताकदवान असणाऱ्यांची झीज जास्त वाढलेली दिसली. याचा अर्थ व्यायाम सोडा असा नाही. फिजिओथेरपिस्टकडून पायाची ठेवण तपासून घ्या आणि व्यायाम त्यानुसार ठरवून घ्या, एवढाच आहे.

पायरी ५: वजन जास्त असेल तर

हे फक्त ज्यांचं वजन खरोखर जास्त आहे त्यांच्यासाठी. शरीराचं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं २००५ मध्ये मोजलं गेलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन घटवलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याची त्रासदायक झीज होण्याचा धोका निम्म्यावर आला होता. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, आहार बदलावा लागतो. आणि आहारासोबत व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही जातो, जो गुडघ्याला परवडणारा नाही.

भडका उडाला तर

लांबचा प्रवास, खूप जिने, कधी काहीच कारण नसताना गुडघा अचानक पेटतो. हे होणारच, त्यात योजना फसली असं काही नाही. दोन-तीन दिवस चालणं निम्म्यावर आणा, शून्यावर नको. बसल्याबसल्या गुडघा वाकवणं-सरळ करणं आणि मांडीचा स्नायू आवळून सोडणं चालू ठेवा. गरम किंवा थंड, ज्याने बरं वाटेल ते शेका. गोळीआधी लावायचं वेदनाशामक जेल वापरून पाहा, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्याचा धोका कमी. शांत झाल्यावर आधीच्या पातळीवर थेट उडी मारू नका, तीन-चतुर्थांशपासून सुरू करा.

काही लक्षणांत मात्र घरी थांबायचं नाही. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप. पडल्यानंतर पाय टेकताच न येणं. गुडघा मध्येच अडकून सरळ न होणं. पोटरी एकाएकी सुजून दुखणं. विश्रांतीतही न थांबणारं, रात्रीची झोप मोडणारं दुखणं. पहिल्या आणि पोटरीच्या लक्षणाला त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बारा आठवड्यांनी

त्याआधी निकाल लावू नका. बारा आठवडे झाले की पहिल्या आठवड्यासारखंच पुन्हा मोजा: पावलं, दुखणं, सकाळचा ताठरपणा, ३० सेकंदांतली उठबस. दुखणं तेवढंच असून पावलं दुप्पट झाली असतील तर ती मोठी प्रगती आहे, कारण तेवढ्याच दुखण्यात तुम्ही दुप्पट जगता आहात. आकडे सुधारले असतील तर चालणं आहे तसं ठेवून ताकदीचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस टिकवा. बंद केला की मिळालेला फायदा काही महिन्यांत ओसरू लागतो. आकडे हललेच नसतील तर व्यायामाची वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा, मात्रा किंवा पद्धत कुठे अडते आहे ते नोंदींवरून कळतं. आणि नीट केलेल्या व्यायामानंतरही झोप, चालणं आणि रोजची कामं अडत असतील तर अस्थिरोगतज्ज्ञांशी सांधेरोपणाबद्दल बोला. त्या शस्त्रक्रियेआधी कमावलेली मांडीची ताकद नंतर उभं राहायलाही उपयोगी पडते.